गोरज मुहूर्त, लीड्स, दुपारी एक वाजून पाच

आमच्या ओव्हनवरचं घड्याळ वर्षातले पाच महिने बरोबर असतं. उरलेले सात महिने ते तासभर मागे चालतं, कारण ते पुढे करायला दोन बटणं एकदम दाबून धरावी लागतात आणि तिसरं हळूच सोडावं लागतं. ही विद्या घरात फक्त आमच्या ह्यांना येते, असं ह्यांचं म्हणणं. ओव्हन घेऊन वीस वर्षं झाली, मला तरी आलेली दिसली नाही. मार्चमधल्या शेवटच्या रविवारी हे ओव्हनसमोर उभे राहतात, टुंग टुंग वाजवत बसतात, मराठीतून इंग्रजी शिव्यांवर येतात आणि शेवटी म्हणतात, "जाऊ दे गं, ऑक्टोबरात आपोआप बरोबर होईल."

ह्या देशाचा कारभारच असा. आपल्या महाराष्ट्राहूनही लहान देश, पण वर्षातून दोनदा अख्ख्या देशानं घड्याळाचे कान पिळायचे. मार्चमध्ये तास पुढे, ऑक्टोबरात तास मागे. तिकडे अरुणाचलापासून कच्छपर्यंत एकाच घड्याळात बिचारे सगळे गपगुमान राहतात, पहाटे चारला उजाडलं तरी कुणी तक्रार करत नाही. इथे मात्र सूर्य वेळेवर येत नाही म्हणून घड्याळाला शिक्षा. का बदलता म्हणून विचारलं तर प्रत्येकाचं वेगळं. कुणी म्हणतं शाळेच्या पोरांसाठी, कुणी म्हणतं पूर्वी लढाईत कोळसा वाचवायला, आणि बहुतेक सगळे ठासून म्हणतात की शेतकऱ्यांसाठी. मी लीड्समध्ये हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करते. आमच्याकडे ऑक्टोबरातल्या त्या रविवारी नाईट शिफ्ट एक तास लांबते. तेव्हा कोळसा कुणाचा वाचतो ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आम्हा मराठी माणसांना ह्याचा आणखी एक ताप. हिवाळ्यात पुणं आमच्या साडेपाच तास पुढे असतं आणि उन्हाळ्यात साडेचार. त्यामुळे इथे दोन मराठी बायका भेटल्या की "कशी आहेस"च्या आधी "सध्या साडेपाच चाललंय की साडेचार गं?" असं विचारतात. उत्तर माहीत असतं, पण खात्री कुणालाच नसते. एकदा चुकलं की सासूबाईंना वामकुक्षीतून उठवल्याचं पाप लागतं, आणि ते साडेपाच वर्षं तरी फिटत नाही.

तर ह्या असल्या देशात, नेमक्या मार्चमधल्या शेवटच्या रविवारी, आमच्या एकुलत्या एक लेकीचं लग्न ठरलं. लीड्समधला तो हॉल वसंत ऋतूत त्याच एका रविवारी रिकामा होता. का रिकामा होता हे तेव्हाच कळायला हवं होतं.

मुलगा ग्लासगोकडचा, गोरा, लाजरा, सहा फुटांच्या वर. त्याचे आईवडील शहराबाहेर शेती करतात, दुभत्या गाई आहेत. कायद्यानं लग्न कौन्सिलच्या ऑफिसात शुक्रवारीच लागणार होतं. रविवारचं आपलं, अंतरपाट आणि अक्षतांचं. आणि ते व्हायचंच, कारण ते माझ्या बाबांसाठी होतं.

बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा पुण्यात माझ्या भावाकडे राहतात. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, पण घरात त्यांची ओळख मंगलाष्टकांची. आमच्या घरातलं एकही लग्न त्यांच्या मंगलाष्टकाशिवाय लागलेलं नाही. विकतचं, छापील कधी म्हटलं नाही. नव्या जोडप्यासाठी नवं कडवं, स्वतः रचलेलं, वृत्तात चोख बसवलेलं. माझ्या लग्नात त्यांनी माझ्यासाठी म्हटलं तेव्हा मी अंतरपाटामागे ढसाढसा रडले. काजळ पसरलं. फोटोंत मी सगळीकडे भुतासारखी दिसते.

मागच्या वर्षी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज अर्धा राहिला. डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केला, आणि गाण्याचं विचारलं तर म्हणाले, बेतानं. बाबा मला फोनवर म्हणाले, "बेत आहेच माझा. नातीच्या लग्नात एक कडवं. एकदाच. त्यानंतर घशाला पेन्शन." चेष्टेत म्हणाले, पण मी ओळखते त्यांना. त्या एका कडव्यासाठी माणूस सहा महिने घसा जपत होता. ओव्याचा काढा, गरम पाण्याच्या गुळण्या, शेजाऱ्यांशी भांडण बंद. पुण्यात राहून शेजाऱ्यांशी भांडण बंद म्हणजे त्याग कळावा!

मुहूर्त अर्थातच बाबांनी काढला. जानेवारीत स्पीकरवर फोन होता. इकडे मी, हे, आणि आमचे गुरुजी. गुरुजी म्हणजे लंडनजवळच्या स्लाऊचे एक गृहस्थ, आठवडाभर गोदामांची सॉफ्टवेअरं सांभाळतात आणि शनिवार-रविवार सोवळं नेसतात. हेही सॉफ्टवेअरवाले. बाबा म्हणाले, "त्या दिवशी दुसरा मुहूर्त नाही. पण गोरज आहे, आणि गोरजाला दोष लागत नाही. संध्याकाळी सहा पस्तीस, आमच्याकडचे."

गोरज म्हणजे गाई चरून घरी परततात, त्यांच्या खुरांची धूळ उडते, ती तिन्हीसांजेची वेळ.

"मायनस साडेपाच," हे क्षणात म्हणाले. "दुपारी एक वाजून पाच."

"करेक्ट," गुरुजी म्हणाले.

दोन विद्वानांचं एकमत झालं. म्हटलं, वा. लीड्समध्ये भर दुपारी एक वाजता गाई घरी येणार. पण बाबांच्या पंचांगापुढे बोलायची कुणाची टाप? पत्रिका छापल्या. "गोरज मुहूर्त, दुपारी १ वाजून ५ मिनिटे." आमच्या हॉस्पिटलात ती वाचून एका मराठी डॉक्टरनं मला विचारलं, "काकू, ह्या गाई पार्टटाइम आहेत का?"

मग ह्यांनी घड्याळाची मोहीम उघडली. त्याच पहाटे घड्याळ पुढे जाणार, म्हणजे अर्धे पाहुणे तासभर उशिरा उगवणार, ह्या धास्तीनं ह्यांनी फेब्रुवारीपासून मेसेज सुरू केले. 'रविवारी घड्याळं बदलतात, विसरू नका.' मग आठवण. मग आठवणीची आठवण. ग्लासगोला पाठवलं, स्लाऊला पाठवलं, माझ्या मामेबहिणीला ऑस्ट्रेलियात पाठवलं, ती लग्नाला येणारच नव्हती. बाबांनाही पाठवलं. बाबांचं उत्तर आलं, "तुम्ही तुमची घड्याळं हलवा, मी माझ्या पंचांगानं बसेन. मुहूर्ताला फोन लावा म्हणजे झालं." ह्यांनी त्या मेसेजखाली अंगठ्याचं चित्र टाकलं, म्हणजे ठीक आहे. मुहूर्ताला फोन. ठरलं.

शनिवारी दुपारी हॉलवर तयारीला जमलो. लॅपटॉप मांडला, स्पीकर जोडला, पुण्याला व्हिडिओ कॉल लावून पाहिला. बाबा दिसले, वहिनी दिसली, आवाज खणखणीत. हे म्हणाले, "बाबा, एक ओळ म्हणून दाखवा ना, लेव्हल बघतो." बाबा म्हणाले, "आवाज एका वेळेपुरताच ठेवलाय मी. तुमची लेव्हल 'हॅलो'वर बघा."

लेक शेजारी उभी होती. जन्म लीड्सचा, त्यामुळे मराठी प्रेमाचं आहे, व्याकरणाचं नाही. ती म्हणाली, "आजोबा, तुमची आवाज मला पाहिजे हं, नाहीतर मी माळ घालणार नाही."

"तुझी आवाज ऐकूनच माझा घसा बरा झाला," बाबा म्हणाले. आयुष्यभर पोरांचं शुद्धलेखन तपासलेला माणूस. नातीला मात्र एका चुकीबद्दल कधी टोकलं नाही.

विहीणबाई तिथे खुर्च्यांना पांढरे कपडे घालत होत्या. मोठ्या हाडापेराच्या, हसऱ्या, हाताला कामाची सवय असलेल्या. त्यांनी पत्रिका हातात घेऊन विचारलं, ह्या वेळेचं काय विशेष आहे. मी माझ्या इंग्रजीत सांगितलं की गाई घरी येतात ती वेळ. त्यांचा चेहरा एकदम उजळला. म्हणाल्या, "अगं, मग हे मला कळतं! आमच्याकडे उद्यापासून आठवडाभर गोंधळच असतो. सरकार घड्याळ बदलतं, पण गाईंना कोण सांगणार? त्या आपल्या जुन्याच वेळेला दारात उभ्या."

"पण हे शेतकऱ्यांसाठीच करतात ना?" मी विचारलं.

विहीणबाईंनी त्यावर जो शब्द वापरला तो विहिणीनं विहिणीसमोर वापरू नये असा होता. मला बाई फार आवडल्या.

रविवार उजाडला. सगळे वेळेवर हजर. ग्लासगोची बस तर अर्धा तास आधीच आली. हे दाराशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला "घड्याळ बदललं ना?" विचारत होते, लग्न मुलीचं नसून घड्याळाचं असल्यासारखे. लेक पिवळ्या अष्टपुत्रीत, मुंडावळ्या बांधून, इतकी गोड दिसत होती की मी दोनदा उगाचच तिच्यावर खेकसले. गुरुजींच्या मनगटावर ते पावलं मोजणारं घड्याळ होतं. एकला दहा मिनिटं असताना त्यांनी अंतरपाट धरायला लावला आणि म्हणाले, "मुहूर्त म्हणजे मुहूर्त. एक मिनिट इकडे नाही, तिकडे नाही. लावा पुण्याला."

हे फोन लावायला बसले. रिंग गेली. वाजत राहिली. कुणी उचलला नाही.

पुन्हा लावला. पुन्हा नाही. वहिनीला लावला, तोही नुसता वाजत राहिला. भावाला लावला, तो ऑफिसच्या कामानं दिल्लीला निघालेला, विमानात. घरचा जुना फोन तर कधीच काढून टाकलेला. लॅपटॉपवर नुसतं बाबांचं चित्र, दिवाळीतलं, आणि खाली 'रिंगिंग'. गुरुजींनी मंगलाष्टकं सुरू केली. एक कडवं झालं, दुसरं झालं. घसा जपून जपून बसलेला म्हातारा माणूस, आणि नेमक्या वेळेला फोन उचलत नाही, म्हणजे काय समजायचं? पडले असतील? दवाखान्यात नेलं असेल? मी ह्यांच्या कानात म्हटलं, "अहो, थांबवा ना जरा."

ह्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी मनगटाकडे पाहिलं. "वहिनी, मुहूर्त टळतोय," ते म्हणाले. "एवढ्यासाठी मुलीच्या आयुष्यात..." पुढचं वाक्य त्यांनी अध्याहृत ठेवलं. अध्याहृत धमकी फार वाईट.

अंतरपाटामागून लेकीनं विचारलं, "आई, आजोबाचा फोन लागली?"

"लागेल गं," मी म्हटलं. "तू समोर बघ."

मग बाबांच्या कडव्याची जागा आली. गुरुजींनी तिथे छापील म्हटलं, कुठल्याही लग्नात चालतं तसलं. "शुभमंगल सावधान." अक्षता पडल्या, टाळ्या झाल्या, वाजंत्रीची रेकॉर्ड लागली, आणि मी हसऱ्या चेहऱ्यानं उभी राहून आतल्या आत जळत होते. गुरुजींवर, ह्यांच्यावर, फोन न उचलणाऱ्या वहिनीवर, सगळ्यांवर. लेकीनं माळ घातली. तिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि नजर खाली केली. ते मला फार लागलं.

थोड्या वेळानं वहिनीचा मेसेज आला, "देवळातून आत्ता आलो, दोघांचे फोन घरी चार्जिंगला होते. तुमच्या ट्रायल चालल्यात वाटतं!" बाबा सुखरूप आहेत एवढं कळलं, जीव भांड्यात पडला. लगेच दुसऱ्या क्षणी संताप आला. ट्रायल? लग्न लागलं इथे आणि ही बाई ट्रायल म्हणते! हे म्हणाले, "आता जेवणं उरकू दे, मग शांतपणे सांगू." हे सगळं नेहमी 'मग शांतपणे' सांगतात, आणि ते 'मग' कधी येत नाही.

पानं मांडली. मसालेभात, जिलबी, मठ्ठा, बटाट्याची भाजी. ग्लासगोची मंडळी जिलबीकडे संशयानं बघत होती, पण एक खाल्ल्यावर संशय फिटला. हॉल नुसता मचमच आवाजानं भरला. विहीणबाई लेकीला उखाणा म्हणजे काय ते विचारत होत्या. दोन वाजत आले होते, आणि स्टेजवरचा लॅपटॉप वाजायला लागला.

मी धावले. मसालेभाताचा हात तसाच. स्पीकर जोडलेलाच होता, त्यामुळे रिंग अख्ख्या हॉलनं ऐकली. मी बटण दाबलं आणि पडद्यावर बाबा आले.

डोक्याला पुणेरी पगडी. खांद्यावर जरीचं उपरणं. कपाळाला गंध. खुर्चीत ताठ बसलेले, हातात कडव्याचा कागद, शेजारी वहिनी नऊवारीत, हातात अक्षतांची वाटी. मागे भिंतीवर त्यांचं घड्याळ, साडेसहा वाजत आलेले.

"हं," बाबा म्हणाले. आवाज खरखरीत, पण स्वच्छ. "फोन तुम्ही लावणार होतात. म्हटलं घाईत असाल, आपणच लावावा. उशीर नाही ना झाला? धरा अंतरपाट."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग बाबांच्या घड्याळाकडे. मग माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. साडेचार! आज पहाटेपासून साडेचार! सहा पस्तीसमधून साडेचार गेले की दोन वाजून पाच. जानेवारीत साडेपाच चालू होतं म्हणून ह्या दोन शहाण्यांनी साडेपाच वजा केले. सगळ्या जगाला घड्याळ बदलायला सांगितलं आणि मुहूर्तच बदलायचा राहिला. मी वळून ह्यांच्याकडे पाहिलं. हे बोटं मोजत होते. जिलबी धरलेली बोटं. मग त्यांनी गुरुजींकडे पाहिलं, आणि गुरुजींनी ताटाकडे.

"गुरुजी," मी दात आवळून म्हटलं, "मुहूर्त म्हणजे मुहूर्त ना?"

"वहिनी, शेवटी भाव महत्त्वाचा," गुरुजी मठ्ठ्याच्या पेल्यात बोलले.

काय सांगायचं बाबांना? लग्न लागलं, बाबा, तासापूर्वीच लागलं, तुमच्या जागेला छापील म्हटलं? आता उगाच घसा शिणवू नका? तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. विहीणबाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांना मराठीतला एक शब्द कळला नव्हता. त्यांनी पगडी घातलेला म्हातारा पाहिला, त्याच्या हातातला कागद पाहिला, माझा चेहरा पाहिला. झालं. त्यांनी मुलाच्या दंडाला धरून त्याला उठवलं.

"अंतरपाट कुठंय?" लेक ओरडली. ती निम्म्या वाटेत होती, तोंडात घास, मुंडावळ्या एका कानावर.

अंतरपाट गुरुजींच्या बॅगेत, बॅग गाडीत. ह्यांनी, आणि ह्यासाठी मी त्यांना बाकीचं सगळं माफ केलं, जिलबीच्या टेबलावरचं टेबलक्लॉथ एका झटक्यात ओढलं. एक टोक ह्यांनी धरलं, एक विहीणबाईंनी. त्यावर पाकाचे डाग. पोरं दोन्ही बाजूंना उभी राहिली. मग एकेक करून अख्खा हॉल उभा राहिला, कुणाच्या हातात पोळी, कुणाच्या गालात भात. अक्षता संपलेल्या, मघाच्या अक्षता केरात. लोकांनी मसालेभाताची शितं वेचली. आमच्या हॉस्पिटलमधला तो डॉक्टर तर काजू वेचत होता, मी डोळे वटारल्यावर थांबला.

"आजोबा, आम्ही तयार आहे!" लेक म्हणाली.

बाबांनी चष्मा सारखा केला. वहिनीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून बोट वर केलं. बाबांनी एकदा घसा साफ केला, आणि म्हणायला लागले.

चार ओळी. पहिल्या दोन ओळींत आवाज कापला. तिसरीत स्थिर झाला. आणि चौथीत, कसं कोण जाणे, त्यांचा तो जुना आवाज आला, माझ्या लग्नातला.

"जेथे सूर्य उशीर फार करितो, तेथे तुझा दीप हो..."

मला कळलंही नाही की मी रडते आहे. जानेवारीत ते मला रोज फोनवर विचारायचे, "आज किती वाजता उजाडलं तुमच्याकडे?" मी वैतागून सांगायचे, "उजाडलंच नाही, बाबा, कामं आहेत." ह्या एका ओळीसाठी विचारत होते.

"शुभमंगल सावधान!" बाबा म्हणाले. टेबलक्लॉथ खाली पडलं, आणि लेकीवर आणि जावयावर मसालेभाताचा वर्षाव झाला. टाळ्या मघाशी झाल्या त्याच्या दुप्पट. विहीणबाई मोठमोठ्यानं रडत होत्या. शब्द एक कळला नाही, पण रडत होत्या. सहा फुटी जावई लॅपटॉपपुढे वाकून नमस्कार करताना माइकवर डोकं आपटून बसला.

"अक्षता छान पिवळ्या केल्यात," बाबा म्हणाले. आवाज पुन्हा खोल गेला होता. "चला. त्या घड्याळांच्या भानगडीमुळे मला रात्रभर झोप नव्हती. जेवून घ्या आता."

"हो बाबा," मी म्हटलं. कॉल बंद झाल्यावर मी ह्यांना म्हटलं, खबरदार कुणी काही सांगाल तर.

तर आमच्या लेकीचं लग्न तीनदा झालं. शुक्रवारी कौन्सिलनं लावलं, रविवारी गुरुजींनी लावलं, आणि त्यानंतर बाबांनी. गुरुजी हल्ली मला मंडळाच्या कार्यक्रमात दिसले की चहाच्या टेबलाच्या पलीकडून नमस्कार करतात.

मे महिन्यात फोटो आले. लेकीनं आजोबांसाठी एक मोठा करून पुण्याला पाठवला, टेबलक्लॉथ खाली पडतानाचा. आठवड्यानं बाबांचा फोन आला. आवाज आता कुजबुजण्याइतकाच राहिलाय. कान देऊन ऐकावं लागतं.

"फोटो झकास आहे," ते म्हणाले. "एकच विचारायचं होतं. लग्न लागायच्या आधीच नवरीच्या ओठावर मठ्ठा कसा गं?"

मी ओव्हनवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"मला त्याच दिवशी संशय आला होता," बाबा म्हणाले. "मागे पानं मांडलेली दिसत होती. नजर कमी झाली असली तरी जिलबी ओळखतो मी. माझीच वेळ चुकली ना? हिशेबात कुठेतरी घसरलो. वय झालं. तुम्ही सगळे भरल्या ताटावरून उठलात माझ्यासाठी. बोलला नाहीत, पण मला कळलं हो." मग म्हणाले, "लग्नात माझं कडवं नव्हतं, एवढं मात्र मनाला लागून राहिलंय."

म्हणजे दोन महिने माणूस हे मनात धरून बसला होता! आयुष्यभर गणित शिकवलं, आणि शेवटच्या लग्नाला आपलं गणित चुकलं असं समजून. आणि आम्ही शहाणे इथे त्यांना जपत बसलेलो.

"बाबा," मी म्हटलं, "सहा पस्तीसमधून साडेचार वजा करा."

पलीकडून त्यांचं पुटपुटणं ऐकू आलं.

"दोन पाच."

"तुम्ही किती वाजता म्हटलंत?"

"सहा पस्तीसला. घड्याळ बघून." "मग तुमचं ते आधीचं कधी लावलं?"

"एक पाचला. तुमच्या जावयानं आणि गुरुजींनी मिळून साडेपाच वजा केले."

बाबा हसायला लागले. आवाज नव्हता, नुसता श्वास, पण हसत होते. बराच वेळ. मग म्हणाले, "म्हणजे मुहूर्तावर मी लावलं?"

"फक्त तुम्हीच."

"मग ते आधीचं काय होतं गं?"

"रंगीत तालीम, बाबा," मी म्हटलं.